प्लायवूडची माशांची टाकी : पैसे कुठं वाचवायचे, कुठं नाही



शेळी-कोंबडीच्या जोडीला रंगीत मासे पाळायचे का, असं आता गटाच्या बैठकीत विचारलं जातं. सिंधुदुर्गात खाडीकाठच्या गावांतले बचत गट कांदळवन प्रतिष्ठानच्या मदतीनं शोभिवंत मासे वाढवतात. आपल्या परंड्यात खाडी नाही, पण गोड्या पाण्यातले मासे घरी वाढू शकतात. अडचण येते ती मोठ्या काचेच्या टाकीच्या किमतीची. त्यावर एक उपाय म्हणजे प्लायवूडची टाकी. यात तळ आणि तीन बाजू प्लायच्या असतात, काच फक्त समोर.

आधी गरज बघा

दोन फुटांची टाकी हवी असेल तर तयार काचेचीच घ्या, ती स्वस्त पडते. प्लायचा फायदा साधारण 200 लिटरच्या पुढं होतो.

पाण्याचं वजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण 225 लिटर पाणी मावतं. म्हणजे पन्नास किलोची साडेचार पोती! समोरच्या बाजूवर एकूण सुमारे 120 किलोचा जोर येतो. उंची दुप्पट केली तर हा जोर चौपट होतो. म्हणून टाकी मोठी हवी असेल तर लांबी वाढवा, उंची नको. टाकी पलंगावर किंवा साध्या टेबलावर ठेवू नका. पक्का, सपाट ओटा हवा.

इथं पैसे वाचवा

आठ बाय चार फुटांच्या एकाच प्लायमध्ये ही टाकी बसते. दीड फूट रुंदीच्या, चार फूट लांबीच्या पाच पट्ट्या दुकानातच कापून घ्या. एक तळाला, एक मागं, एक पुढं. चौथीतून दोन्ही बाजू निघतात, पाचवी वरच्या आडव्या पट्टीसाठी. पुढची आणि मागची फळी तळावर उभी राहते, बाजू त्यांच्यामध्ये बसतात. त्यामुळे बाजूच्या तुकड्यांची रुंदी प्लायच्या दुप्पट जाडीइतकी कमी करायला सुताराला सांगा. पुढच्या फळीत चारही कडांना तीन इंच सोडून मधला भाग कापून काढा, तिथं काच दिसेल. ओटा विटांचा चालतो. झाकणाला जुनी जाळी चालते.

इथं वाचवू नका

प्लाय 18 एमएमचा, आयएस 710 शिक्का असलेला घ्या. साधा प्लाय पाण्यानं फुगतो. सांध्यांना आधी गोंद, मग दर चार-पाच इंचांवर स्क्रू.

आतून पाण्याच्या टाकीला चालणाऱ्या इपॉक्सीचे तीन हात द्या. सांध्यांवर फायबरच्या कापडाची पट्टी चिकटवा. साधा ऑइलपेंट चालत नाही. प्लायमध्ये कीड लागू नये म्हणून औषध असतं, ते पाण्यात उतरलं तर मासे मरतात. लेपाला एकही भोक राहता कामा नये. हे काम अंगणात, हातमोजे घालून करा, लहान लेकरं आणि गरोदर बाया लांब ठेवा.

काच 10 एमएमची घ्या आणि ती आतून बसवा. मग पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. बाहेरून लावली तर पाणी तिला ढकलून देईल. सिलिकॉन माशांच्या टाकीचं मागा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असतं.

चाचणी

लेप आणि सिलिकॉन आठवडाभर सुकू द्या. खाली वर्तमानपत्र अंथरून टाकी आधी पाव, मग अर्धी, मग पूर्ण भरा आणि सात दिवस तशीच ठेवा. कागद ओला झाला तर टाकी रिकामी करून, सुकवून ती जागा परत भरा. हे पाणी काढून टाका. माशांचे पैसे त्यानंतरच खर्च करा.

सुरुवात गप्पी, मॉली, प्लॅटीनं करा. हे मासे थेट पिल्लं देतात आणि त्यांना बोअरचं जड पाणी मानवतं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून वापरा. फिल्टर लावा आणि पहिला महिनाभर मोजकेच मासे ठेवा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं लागतं, म्हणजे पन्नासेक लिटर. ते परसबागेला द्या, वांगी-मिरचीला ते खतासारखं लागतं. पण उन्हाळ्यात टँकरवर असलेल्या गावानं हे पाणी आधी हिशोबात धरावं.

योजना

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटचा खर्च 3 लाख रुपये धरलेला आहे आणि महिलांना त्यावर 60 टक्के अनुदान आहे. सध्या अर्ज घेतात का, कोणती टाकी चालते, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच पुढं जा.

कर्ज उचलण्याआधी बार्शी किंवा सोलापूरच्या मासे विकणाऱ्या दुकानात एक चक्कर मारा. कोणते मासे घेतील, महिन्याला किती घेतील, काय भावानं, हे तीन आकडे वहीत लिहून आणा. ती वही गटाच्या बैठकीत ठेवा, आपण मिळून हिशोब करू.