बेडकाच्या अंगची ढाल

मृगाचा पाऊस पडला कीं भाताच्या खाचरांत, विहिरीच्या कांठीं व बांधालगतच्या डबक्यांत बेडकांचा गजर सुरू होतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बेडूक पिकावरील किडे खातो, सबब तो शेतकऱ्याचा मित्र, ही गोष्टही पुष्कळांच्या ऐकिवांत आहे. परंतु या प्राण्याच्या अंगीं आणखी एक गुण आहे, आणि त्याजकडे आमचें लक्ष फार उशिरां गेलें.

महसूल खात्यांत लेखनिक असतां पीकपाहणीच्या निमित्तानें आम्ही अनेक वर्षें बांधाबांधानें हिंडलों. खाचरांतील पाणी कसें असतें, तें आम्हांस ठाऊक आहे. त्यांत शेण असतें, गुरांचें मूत असतें, कुजका पाला असतो. चिखलणी करणाऱ्या माणसाच्या पायास खरचटलें आणि त्यानें काळजी घेतली नाहीं, तर तेथें पू धरावयास वेळ लागत नाहीं. त्याच पाण्यांत बेडूक मात्र उघड्या अंगानें आपला जन्म काढतो. त्यास ना केस, ना खवले, ना पिसें. मग त्याचें अंग सडत कसें नाहीं?

प्रथम बेडकाची अडचण लक्षांत घेतली पाहिजे. तो फुप्फुसानें श्वास घेतो, तसाच कातडीनेंही घेतो. त्यामुळें त्याची कातडी पातळ व ओली राहणें भाग आहे. ती जाड वा कोरडी झाली तर त्याचा जीव गुदमरेल. पण जें पातळ व ओलें, तेथें सूक्ष्म जंतु व बुरशी यांचा शिरकाव सहज होतो. ज्या शेतास कुंपण घालतां येत नाहीं, तेथें राखणदार ठेवावा लागतो. निसर्गानें बेडकाच्या कातडींत असेच राखणदार ठेविले आहेत.

ही कातडी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिली असतां तींत दोन जातींच्या बारीक ग्रंथि दिसतात. एका जातींतून बुळबुळीत स्राव पाझरतो. बेडूक हातांतून निसटतो तो याच्यामुळें. दुसऱ्या जातीच्या ग्रंथींत दाणेदार द्रव्य सांठविलेलें असतें. बेडूक भ्याला किंवा त्यास जखम झाली कीं मज्जातंतूंमार्फत इशारा जातो, या ग्रंथि आकुंचन पावतात आणि तें द्रव्य कातडीवर पसरतें. या द्रव्यांत जंतु मारणारे जे पदार्थ असतात, त्यांस शास्त्रज्ञ पेप्टाइड म्हणतात. डाळींत व दुधांत जें प्रथिन असतें, तें अमायनो आम्ल नांवाच्या मण्यांची लांब माळ होय. त्याच मण्यांची आंखूड माळ, तिचें नांव पेप्टाइड. म्हणजे हा कांहीं जादूचा पदार्थ नव्हे. आपल्या रोजच्या अन्नांतील द्रव्याचाच तो भाऊबंद आहे.

या पदार्थाचा बोलबाला ज्या घटनेनें झाला, ती मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेंत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत मायकेल झासलॉफ हे संशोधक आफ्रिकेंतील नखवाल्या बेडकांच्या अंड्यांवर प्रयोग करीत. अंडीं काढण्यासाठीं बेडकाचें पोट चिरावयाचें, टांके घालावयाचे व त्यास पुन्हां हौदांत सोडावयाचें, असा परिपाठ होता. हौदांतील पाणी कांहीं निर्जंतुक नव्हतें. तथापि त्या बेडकांच्या जखमा न चिघळतां भरून येत. हें दृश्य पुष्कळांनीं पाहिलें असेल. पण असें कां व्हावें, हा प्रश्न झासलॉफ यांनीं स्वतःस विचारला. बेडकाच्या कातडींतून त्यांनीं दोन पेप्टाइड वेगळे काढले. प्रत्येकांत अवघे २३ मणी होते. १९८७ सालीं हा शोध त्यांनीं प्रसिद्ध केला व या पदार्थांस ‘मागेनिन’ असें नांव दिलें. हिब्रू भाषेंत ‘मागेन’ म्हणजे ढाल. नांव यथार्थ आहे, यांत शंका नाहीं.

आतां ही ढाल काम कशी करते, तें पाहूं. जंतूच्या भोंवतीं स्निग्ध द्रव्याचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो व त्याच्या बाहेरील अंगावर ऋण विद्युद्भार असतो. मागेनिनवर धन विद्युद्भार असतो. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात, म्हणून मागेनिन जंतूस जाऊन चिकटतो. चिकटल्यावर तो मळसूत्रासारखा पीळ घेतो व पापुद्र्यांत रुततो. असे अनेक पेप्टाइड एके ठिकाणीं जमले कीं पापुद्र्यास भोंक पडतें. तळ्याच्या बांधास खिंडार पडल्यावर जी गति पाण्याची होते, तीच जंतूच्या आंतील द्रव्याची होते आणि जंतु मरतो. प्राण्यांच्या स्वतःच्या पेशींचा पापुद्रा बाहेरून जवळजवळ भाररहित असतो व त्यांत कोलेस्टेरॉलचें मिश्रण असतें. त्यामुळें मागेनिन तेथें फारसा रुतत नाहीं.

आपण गाईच्या कासेच्या दगडी रोगावर जंतुनाशक औषधें टोंचून घेतों. तीं वारंवार व अर्धवट वापरल्यास जंतु त्यांस जुमानीनासे होतात, हा अनुभव आतां सर्वत्र येत आहे. अशीं बहुतेक औषधें जंतूच्या एखाद्या विवक्षित अवयवावर घाव घालतात, आणि तेवढा एक अवयव बदलला कीं जंतु निसटतो. परंतु अंगावरचा सबंध पापुद्राच बदलणें हें त्यास अवघड पडतें. अशक्य मात्र नव्हे. या कारणास्तव जगांतील संशोधक बेडकाच्या कातडीकडे आशेनें पाहत आहेत.

या बाबतींत आपला प्रदेशही मागें नाहीं. सह्याद्रीच्या पट्ट्यांत महाराष्ट्र व गोमंतकापासून केरळापर्यंत आढळणाऱ्या, तांबूस पाठीच्या एका बेडकास २०१५ सालीं अभ्यासकांनीं निराळी जात ठरवून ‘बहुविस्तार’ असें नांव दिलें. तिरुवनंतपुरम् येथील राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र व अमेरिकेंतील एमोरी विद्यापीठ येथील संशोधकांनीं बेडकांचे ३२ पेप्टाइड तपासले. त्यांपैकीं चार इन्फ्लुएंझा तापाच्या विषाणूवर चालले. परंतु त्या चारांतील तिघांनीं मनुष्याच्या रक्तपेशींसही इजा केली. उरलेला एक, जो बहुविस्तार बेडकाचा, तेवढा निरुपद्रवी ठरला. केरळांतील लवचिक पट्ट्यासारख्या तलवारीस ‘उरुमी’ म्हणतात, त्यावरून त्याचें नांव ‘उरुमिन’ ठेविलें. एका जातीच्या इन्फ्लुएंझाच्या विषाणूपासून त्यानें उंदरांचें रक्षण केलें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें.

येथें एक इशारा देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. चारांपैकीं तीन पेप्टाइड मनुष्यास घातक ठरले, ही गोष्ट कोणी विसरूं नये. बेडूक जखमेवर चोळणें किंवा त्याची भुकटी पोटांत घेणें हा शुद्ध वेडेपणा होय. त्याच्या अंगावर मनुष्यास बाधणारे जंतुही असूं शकतात. रशियांतील खेड्यांतून पूर्वीं दूध नासूं नये म्हणून भांड्यांत बेडूक सोडीत. तेथील बेडकाच्या कातडींत २०१२ सालीं ७६ नवे पेप्टाइड सांपडले, यावरून त्या समजुतींत कांहीं तथ्य असावेंसें दिसतें. तथापि तिचें अनुकरण कोणी करूं नये. प्रयोगशाळेंतून औषधाच्या बाटलीपर्यंतची वाट लांब असते. मागेनिनवरून बनविलेलें ‘पेक्सिगानान’ हें मधुमेह्यांच्या पायांच्या जखमांवरील मलम १९९९ सालीं अमेरिकन सरकारच्या औषधखात्यानें मंजूर केलें नाहीं; कारण प्रचारांतील औषधांहून तें सरस ठरलें नाहीं.

असो. आतां शेतकऱ्याच्या हिताशीं ज्याचा निकट संबंध आहे, त्या मुद्द्याकडे वळूं. बेडकाच्या ग्रंथींतील सांठा हा कणगींतील धान्यासारखा आहे. एकदां रिकामा झाला कीं तो भरून येण्यास अवधि लागतो. त्या अवधींत बेडूक उघडा पडतो. आणि हा सांठा कमी होण्यास जखम किंवा भीतीच लागते, असें नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांतील पिवळ्या पायांच्या बेडकांवर झालेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. बेडकांच्या पिलांस कार्बारिल नांवाच्या कीटकनाशकाच्या अल्प, मारक नसलेल्या प्रमाणांत ठेविलें, तेव्हां त्यांच्या कातडींतील पेप्टाइडांचें प्रमाण लक्षांत येण्याइतकें घटलें. म्हणजे बेडूक जिवंत दिसतो, उड्या मारतो; पण त्याच्या हातची ढाल गेलेली असते. आपल्या देशांत या कीटकनाशकाच्या वापरास २०१८ सालीं बंदी झाली. परंतु त्यापासून घ्यावयाचा धडा इतर औषधांबाबतही ध्यानीं ठेवण्यासारखा आहे.

ढाल गेल्यास काय होतें, याची कल्पना पुढील हकीकतीवरून येईल. काइट्रिड नांवाची एक बुरशी बेडकांच्या कातडींत वाढते व तिनें जगभर अनर्थ केला आहे. २०१९ सालच्या एका गणनेप्रमाणें तिच्यामुळें बेडूकवर्गाच्या ५०१ जातींची संख्या घटली व त्यांपैकीं ९० जाति नामशेष झाल्याचें समजतात. प्रयोगशाळेंत बेडकांचे अनेक पेप्टाइड या बुरशीस आळा घालतात, असें दिसून आलें आहे. ही बुरशी उत्तर सह्याद्रींतील बेडकांच्या अंगावरही आढळल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. शत्रु दारांत आहे, अशा वेळीं राखणदाराचें हत्यार आपणच काढून घेणें हें शहाणपणाचें नव्हे.

बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा व्यापार आपल्या सरकारनें १९८७ सालीं, म्हणजे मागेनिनचा शोध प्रसिद्ध झाला त्याच वर्षीं, बंद केला. जें काम सरकारच्या हातचें होतें, तें झालें. बांधावरचें काम आपलें आहे, आणि तें खर्चाचेंही नाहीं. किडीचें प्रमाण पाहून गरज असेल तेव्हांच फवारणी करावी. खाचरांत पाणी तुंबलेलें असतां, किंवा पाऊस येण्याचा रंग दिसत असतां औषध मारूं नये. फवाऱ्याचा पंप ओढ्यांत वा विहिरीच्या पाटांत धुऊं नये व रिकाम्या बाटल्या डबक्यांत फेंकूं नयेत. बांधावरील थोडें गवत व शेताच्या कोपऱ्यांतील एखादें डबकें राखून ठेवावें. बेडकांचीं अंडीं व पिलें तेथेंच वाढतात.

आम्हीं नोकरींत असतां जमिनीच्या हद्दी, झाडें, विहिरी यांच्या नोंदी पुष्कळ केल्या. पण बेडकाची नोंद कोणत्याही दप्तरांत आम्हांस करावी लागली नाहीं. त्याचा हक्क कोणत्याही उताऱ्यावर लागलेला नाहीं. तरी तो पावसाळाभर आपल्या शेताची राखण करतो, आणि कदाचित् उद्यां आपल्या लेकराबाळांच्या औषधाची किल्लीही त्याच्याच कातडींत सांपडेल. येत्या पावसाळ्यांत खांद्यावर पंप घेण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबून खाचरांतील तो गजर ऐकावा, एवढीच आमची विनंति आहे.