आग डोंगरापलीकडे, मग आपला रस्ता का बंद?

आगीमुळे वाट बदलणं कामतघरला नवं नाही. एखादं गोदाम पेटलं की अंजूरफाट्याकडे निघालेला रिक्षावाला न विचारता गल्लीत शिरतो. हीच सवय घेऊन आपली मंडळी मुलांकडे कॅनडाला जातात, भाड्याच्या मोटरहोमने फिरायला निघतात आणि वणव्याची बातमी आली की म्हणतात, "लांब आहे, जाऊ आतून कुठून तरी!"

तिथे 'आतून' नसतं. सात-आठ मीटरची गाडी अरुंद रस्त्यावर वळत नाही, आणि कच्च्या रस्त्यावर नेली तर भाडेकरार बहुधा मोडतो. शिवाय ज्वाळा पोचण्याची वाट न पाहता रस्ता बंद करतात. धुरात समोरचं दिसत नाही, हे कारण पुरेसं असतं. 22 जुलै 2024 च्या रात्री जास्पर राष्ट्रीय उद्यान रिकामं करायचा आदेश निघाला. गाव आणि पर्यटक मिळून सुमारे 25,000 माणसं, ऐन सुट्टीचा हंगाम. पूर्वेचा आणि दक्षिणेचा रस्ता आगीने अडवलेला. उरला पश्चिमेचा हायवे 16. ज्यांना पूर्वेला एडमंटनला जायचं होतं, तेही उलट दिशेने ब्रिटिश कोलंबियात गेले. दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि जवळपास एक तृतीयांश इमारती गेल्या. अशा प्रवासात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, ते यासाठी.

मोबाइलवरचे लाल ठिपके पाहून वाट ठरवणंही फसवं. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो, आणि एक ठिपका सुमारे 375 मीटरचा चौकोन असतो. आपल्याकडे तर तो ठिपका वणव्याचा असेलच असंही नाही. उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडकडे उठणारा धूर पुष्कळदा राबाचा असतो: भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत रचून शेतकरी ते भाजतात.

नाकाला रुमाल? धुराचे बारीक कण त्यातून सरळ आत जातात. एन-95 मास्क हवा.

आणि वणवा उन्हाने आपोआप लागतो, ही समजूत तर सोडाच. वाळलं गवत पेटायला दोनशे अंशांहून जास्त उष्णता लागते. आपला मे महिना कितीही भाजून काढो, तो चाळिशीतलाच. कॅनडात निम्म्याच्या आसपास वणवे विजेने लागतात. सह्याद्रीतले बहुतेक माणूसच लावतो: फेकलेली विडी, मोहाची फुलं दिसावीत म्हणून जाळलेला पाला, नाहीतर 'जाळलं की गवत जोमात येतं' हा हट्ट. कसारा घाटात असा जाळ दिसला तर व्हिडिओ नंतर काढा, आधी वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावा.