हॉर्निमन सर्कलला, मिस्त्रीबरोबर

एशियाटिकच्या पायऱ्यांवर आता टेकायलाही जागा नाही. खाली बागेच्या कठड्याला धरून जुन्या गाड्यांची रांग लागली आहे आणि सगळ्यांत दाट गर्दी अर्थातच रोल्स-रॉइसभोवती आहे. तिच्या चकचकीत जाळीत बघून लोक केस सारखे करतात, मग फोटो काढतात, मग पुढच्याला जागा देतात. आमचा मिस्त्री मात्र फुटपाथवर उकिडवा बसलाय आणि एकेका गाडीच्या पोटाखाली बघतोय.

"काय पडलं का रे?" मी विचारतो.

"तेल," तो मान वर न करता म्हणतो. "जिच्याखाली थेंब नाय ती टेम्पोवर चढवून आणलीय. जिच्याखाली थेंब हाय ती चालत आलीय."

आम्ही चौघं उरणचे. मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याच्याकडे रिक्षा, पिकअप आणि अधूनमधून एखादा ट्रेलर येतो. शेठ नावाचाच शेठ, कंटेनर यार्डात कारकून. सर शाळेत इतिहास शिकवतात. मिस्त्रीला मोटारसायकलवर यायचं होतं, पण अटल सेतूवर दुचाकीला बंदी, आणि हार्बरवर रविवारचा मेगाब्लॉक. मग मोरा बंदरातून सकाळची लाँच धरली आणि भाऊच्या धक्क्याला उतरलो. भरती होती म्हणून जमलं. ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच धक्क्यापर्यंत येतच नाही.

व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाची ही रॅली. झेंडा पडायला अजून वेळ आहे, म्हणून मालक मंडळी गाड्यांशेजारी उभी राहून पिवळ्या फडक्यानं नसलेली धूळ पुसतायत. कोणी गळपट्टा बांधलाय, कोणी गोल हॅट घातलीय. एका ब्यूकच्या फूटबोर्डवर दोन लहान मुलं नटूनथटून बसवलीत आणि त्यांना गाडीपेक्षा आइस्क्रीमवाल्यात जास्त रस आहे. पुढं एक लांबलचक इम्पाला. शेठ तिची लांबी पावलांनी मोजतो आणि म्हणतो, "वीस फुटी कंटेनरमध्ये जाईल, पण दार लावताना श्वास रोखावा लागेल."

मॉरिस मायनरपाशी एक आजोबा नातीला गंमत दाखवतायत. आत बटण फिरवलं की दोन दारांमधल्या खांबातून एक छोटा पिवळा हात टपकन बाहेर येतो. वळण्याची खूण. नात पाच-सहा वेळा तो हात बाहेर काढायला लावते. शेवटी तो अर्ध्यातच अडकतो आणि आजोबा बोटानं दाबून आत बसवतात.

मोटारसायकलींच्या घोळक्यात सर रमलेत. जावाची किक तिथंच खाली वळवली की गिअरचा पाय होते, हे ते एका कॉलेजच्या पोराला समजावतायत. शेजारी भांडुपच्या कारखान्यातली लॅम्ब्रेटा. पेट्रोलमध्ये ऑइल मापून ओतायचं, हे ऐकून पोरगा विचारतो, "विसरलं तर?" सर म्हणतात, "तर ढकलत घरी."

लष्करी हिरव्या रंगाची एक विलीज जीप जरा बाजूला आहे. तिच्याभोवती फारसं कोणी नाही. सर तिच्या बॉनेटवर हात ठेवतात. आज आपण जिथं लाँचमधून उतरलो त्याच्या मागच्याच माझगावात १९४९ मध्ये महिंद्रांनी या जीप जोडायला घेतल्या, असं ते सांगतात. सुटे भाग अमेरिकेतून जहाजानं खोक्यांत यायचे, इथं पेट्या फोडून गाडी उभी करायची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं कुर्ल्याला आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या त्याही अशाच. मग १९५४ पासून फियाट ११००.

"म्हणजे तेव्हाही सगळा खेळ खोक्यांचाच," शेठ म्हणतो. न्हावा-शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं. शेठचा जन्म त्याच्या जरा आधीचा. त्याच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, खोक्यात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या.

तेवढ्यात मिस्त्री गायब. शोधतो तर तो कुर्ल्याच्याच एका फियाटपाशी आहे. गोलसर पाठीची, फुगीर गालांची, जिला लोक प्रेमानं डुक्कर फियाट म्हणतात ती. दुधी रंग, आतून लाल सीटा, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. पुढची दारं उलटी उघडणारी, म्हणजे पुढची-मागची दोन्ही मधल्याच खांबावर टांगलेली. बॉनेट उघडं आहे आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेला एक सत्तरीचा माणूस. मालक सावलीत मुलाखत देतोय. हा माणूस गाडीचा मिस्त्री आहे, परळचा. आमचा मिस्त्री त्याच्या शेजारी जाऊन तसाच वाकतो. दोघांची ओळख झालेली नाही, पण बोलणं सुरू झालंय.

"काका, पंपावर फडकं?"

"ओलं फडकं. मिरवणुकीत गाडी रांगेनं चालणार, हवा लागणार नाही. इंजिन तापलं की पेट्रोलची पंपातच वाफ होते, मग पंप नुसती वाफ ओढत बसतो. फडक्यावर पाणी मारत राहायचं."

"आणि नवीन पेट्रोल? वीस टक्केवालं?"

काका पहिल्यांदाच मान वर काढतात. हा प्रश्न त्यांना सकाळपासून कोणी विचारलेला नाही. मग ते बोटावर मोजून सांगतात. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, म्हणून नळ्या सगळ्या बदलल्या. पंपातला पडदा बदलला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीला आतून गंज चढतो, म्हणून रॅली संपली की टाकी रिकामी करून ठेवायची. भाग मिळत नाहीत. चोरबाजारात मिळाला तर मिळाला, नाहीतर लेथवर करून घ्यायचा.

मी बाजूला उभा राहून ऐकतो. रोल्स-रॉइसपाशी किंमत विचारली जातेय, इथं टाकीची तब्येत. आणि मला वाटतं, जुनी गाडी म्हणून जे आपण बघायला येतो ते खरं तर कोणीतरी दर महिन्याला केलेलं काम आहे. पाटीवर गाडीचं साल आहे, कंपनी आहे, मालकाचं नाव आहे. काकांचं नाव कुठंच नाही.

"माझ्या मामाकडं पद्मिनी हाय," आमचा मिस्त्री अचानक म्हणतो. "चौऱ्याहत्तरची. केगावला ताडपत्रीखाली. भंगारवाल्याशी बोलणं चाललंय."

"समुद्रापासून किती लांब?"

मिस्त्री लाजल्यासारखा हसतो. केगावात समुद्रापासून लांब असं काही नाही.

"मग इंजिन नंतर बघ," काका म्हणतात. "आधी खाली झोप. हिला वेगळी चासी नसते, सगळा भार पत्र्यावरच. दारांखालची सिल, फरशी, पुढची मेंबरं. हातोडीनं हलकं ठोकायचं. ठणठण वाजलं तर जीव आहे. भसकन आत गेलं तर देऊन टाक."

सरांना आता राहवत नाही. २०२१ चा केंद्राचा नियम त्यांना पाठ आहे. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली, फार फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. नंबरात व्हीए अक्षरं येतात. नोंदणीला २० हजार, दहा वर्षांनी पुन्हा ५ हजार. मात्र रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच.

"म्हणजे मामानं तिच्यातून मासळी नाय न्यायची," शेठ म्हणतो.

"आत्ता तरी ती कुटं जातंय?"

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिला रस्ता सोडावा लागला. हे सर सांगत असतानाच काका बॉनेट आपटून बंद करतात. तिकडं माइकवर आकडे मोजायला सुरुवात झालीय.

एकदम सगळीकडं धूर. कोणती गाडी खोकते, कोणती शिंकते, एक इतकी मोठ्यानं फटका मारते की कबुतरांचा अख्खा थवा बागेवरून उठतो. रोल्स-रॉइस निघते तेव्हा आवाजच येत नाही आणि लोक त्यावरच टाळ्या वाजवतात. गाड्या पुढं सरकायला लागतात तसं मला आता एकच दिसतं. पुढं सुटाबुटातला मालक, शेजारी त्याचं कुटुंब, आणि मागच्या सीटवर कोपऱ्यात एक साध्या शर्टातला माणूस, मांडीवर पाण्याचा कॅन. सगळ्याच गाड्यांत नाही. पण जिच्याखाली तेलाचा थेंब पडला होता तिच्यात बहुतेक असतोच. फियाटमधून काका हात हलवतात. तो हात आमच्या मिस्त्रीसाठी असतो, आमच्यासाठी नाही.

मिस्त्रीनं फोन कानाला लावलाय. एका बोटानं दुसरा कान दाबून तो ओरडतोय, कारण समोरून आता एक डॉज चाललीय.

"मामा, भंगारवाला आला का? नाय आला ना? त्याला नको म्हणून सांग... अरे नाय, इकायची नाय. उद्या सकाली हातोडी घेऊन येतो... फोडायला नाय रे, तपासायला! आणि आयक, मागच्या सीटवरच्या कोंबड्या आजच हलव."