विश्लेषण : पायांतला रक्तप्रवाह सुधारला, पण रुग्णाचे जगणे सुधारले का? ते कसे मोजतात?

पायाच्या रक्तवाहिनीतील अडथळा दूर झाला, घोट्याजवळ नाडी लागू लागली, डॉपलर तपासणीचा अहवालही चांगला आला. तरीही रुग्ण म्हणतो, ‘मंडईपर्यंत अजून जाववत नाही.’ मग उपचार यशस्वी झाला असे म्हणायचे की नाही? पायांचा रक्तपुरवठा कमी झालेल्या रुग्णांवरील उपचारांचे यश केवळ यंत्रांच्या आकड्यांवरून ठरवू नये, रुग्णाच्या जगण्याचा दर्जाही मोजावा, हा विचार गेल्या तीन दशकांत रुजला आहे. तो मोजतात कसा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याविषयी...

पायांचा रक्तपुरवठा कमी का होतो?

शुद्ध रक्त पायांकडे नेणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस चरबी आणि कॅल्शियमचे थर साचतात आणि त्या अरुंद होतात. याला ‘पेरिफेरल आर्टरी डिसीज’ म्हणतात. तंबाखूचे धूम्रपान आणि मधुमेह ही त्याची दोन प्रमुख कारणे. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वाढते वय यांचाही वाटा असतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे २० कोटी २० लाख लोकांना हा आजार होता आणि त्यातील बहुसंख्य कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे ओसरते, हे त्याचे ओळखीचे लक्षण. आजार बळावला की बसल्या जागीही पाऊल ठणकते, जखमा भरत नाहीत आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

रक्तदाबाच्या तपासणीतून हे कळत नाही का?

आजार आहे की नाही, हे बऱ्याच अंशी कळते. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात. ते साधारण १ ते १.४ असावे. ०.९ किंवा त्याहून कमी आले तर आजार असल्याचे मानतात. मात्र दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या रक्तवाहिन्या इतक्या कडक होतात की त्या पट्ट्याने दाबल्या जात नाहीत आणि आकडा फसवा, चढा येतो.

खरी अडचण पुढची आहे. हे गुणोत्तर आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा संबंध फारच सैल असतो. ०.६ गुणोत्तर असलेल्या दोघांपैकी एक टपाल वाटत दिवसभर फिरणारा आणि दुसरा गल्ल्यावर बसणारा असेल, तर पहिल्याची रोजीरोटी धोक्यात येते, दुसऱ्याला फारसे काही जाणवतही नाही. शिवाय अनेक रुग्ण दुखू नये म्हणून नकळत चालणेच कमी करतात. ‘दुखते का?’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, पण त्यांचे घराबाहेर पडणे थांबलेले असते.

जगण्याचा दर्जा आकड्यात कसा मांडतात?

त्यासाठी शास्त्रशुद्ध प्रश्नावल्या वापरतात. त्या दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार कोणत्याही आजाराला चालणारा. ‘एसएफ-३६’ मध्ये ३६ प्रश्न असतात. ‘ईक्यू-५डी’ मध्ये हालचाल, स्वतःची कामे, नेहमीचे व्यवहार, वेदना आणि चिंता-नैराश्य अशा पाच बाबी विचारतात. त्यातून वेगवेगळ्या आजारांची तुलना करता येते, पण पायाच्या त्रासातील बारीक फरक निसटतात.

दुसरा प्रकार खास या आजारासाठी. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी तयार केलेली ‘व्हॅस्क्युकोल’ ही २५ प्रश्नांची प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. वेदना, लक्षणे, कामे, लोकांत मिसळणे आणि मानसिक स्थिती असे तिचे पाच भाग. गेल्या दोन आठवड्यांचा अनुभव विचारायचा आणि प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण द्यायचे. गुण जास्त तितकी स्थिती चांगली. पाय गमावण्याची भीती वाटते का, हाही त्यातला एक प्रश्न. ती भीती कोणत्याही डॉपलरवर दिसत नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात २५ प्रश्न विचारणे अवघड, म्हणून स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये तिची सहा प्रश्नांची आवृत्ती तयार केली. तिचे गुण ६ ते २४ असतात.

रुग्णाला विचारल्याने उत्तर खरोखर बदलते का?

बदलते. अमेरिकेतील ‘क्लेव्हर’ चाचणी हे त्याचे बोलके उदाहरण. पोट आणि कमरेच्या भागातील रक्तवाहिन्यांत अडथळा असलेल्या १११ रुग्णांचे तिच्यात तीन गट केले. एकाला फक्त औषधे व चालण्याचा सल्ला, दुसऱ्याला त्याशिवाय देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम, तिसऱ्याला स्टेंट. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याची कमाल वेळ व्यायामाच्या गटात सरासरी ५.८ मिनिटांनी वाढली, स्टेंटच्या गटात ३.७ आणि केवळ औषधांच्या गटात १.२ मिनिटांनी. म्हणजे व्यायाम जिंकला.

प्रश्नावलीचा कौल मात्र वेगळा आला. व्यायाम आणि स्टेंट या दोन्ही गटांचा जगण्याचा दर्जा सुधारला, पण बहुतेक निकषांवर स्टेंट घेतलेल्यांनी अधिक सुधारणा नोंदवली. याचा एक अर्थ असा लावता येतो : ट्रेडमिल शेवटच्या दमापर्यंत किती चालता येते ते मोजते, तर रोजच्या जगण्यात पहिल्या काही पावलांतच दुखते की नाही याला महत्त्व असते. दुसरा अर्थही तितकाच शक्य आहे : कोणता उपचार मिळाला हे रुग्णांना माहीत होते आणि ‘आपल्यावर मोठा उपचार झाला’ या भावनेचा उत्तरांवर परिणाम झाला असेल. दीड वर्षाने व्यायाम आणि स्टेंट यांच्यातील चालण्याच्या वेळेचा फरक लक्षणीय राहिला नाही. दोन्ही मोजमापे एकत्र ठेवली, तरच हे चित्र पूर्ण दिसते.

पाय वाचवण्याच्या टप्प्यावर या मोजमापाचा काय उपयोग?

तेथे निर्णय अधिक कठीण असतो. रात्री पाय पलंगाखाली लोंबता ठेवूनच झोपू शकणाऱ्या, बोटे काळी पडू लागलेल्या रुग्णाची बायपास करायची की अँजिओप्लास्टी? १८३० रुग्णांच्या ‘बेस्ट-सीएलआय’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. बायपाससाठी पायाची चांगली शीर उपलब्ध असलेल्या रुग्णांत पायाशी संबंधित मोठी गुंतागुंत किंवा मृत्यूचे प्रमाण बायपासनंतर ४२.६ टक्के, तर अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांनंतर ५७.४ टक्के होते. पुढच्याच वर्षी मुख्यतः ब्रिटनमध्ये झालेल्या ‘बेसिल-२’ चाचणीत, गुडघ्याखालच्या आजारात, पारडे अँजिओप्लास्टीकडे झुकले.

‘बेस्ट-सीएलआय’मधील रुग्णांच्या जगण्याचा दर्जा तपासला तेव्हा आढळले, की उपचारांपूर्वी तो खूपच खालावलेला होता, दोन्ही उपचारांनंतर ठळकपणे सुधारला आणि दोहोंत फारसा फरक नव्हता. वाढते वय, इतर आजार, घरची परिस्थिती पाहून निवड करताना ही माहिती रुग्णाला आणि कुटुंबाला मोलाची ठरते.

या प्रश्नावल्या आपल्याकडे जशाच्या तशा चालतील का?

केवळ भाषांतराने भागत नाही. अमेरिकेत रूढ असलेली चालण्याविषयीची प्रश्नावली अंतर ‘ब्लॉक’मध्ये विचारते. ‘एसएफ-३६’ च्या मूळ इंग्रजी आवृत्तीत मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग आणि गोल्फ येतात. शेताच्या बांधावरून चालणाऱ्या किंवा लोकलसाठी पुलाचे जिने चढणाऱ्या माणसाला त्यातून काय कळणार? त्यामुळे प्रश्नाचा आशय राखून उदाहरणे बदलावी लागतात, भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहावे लागते आणि प्रत्यक्ष रुग्णांवर तपासावे लागते. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवतानाही काळजी हवी. सून किंवा मुलगा शेजारी असेल, तर अनेक ज्येष्ठ ‘बरे आहे’ एवढेच सांगतात.

‘ईक्यू-५डी’ च्या उत्तरांना भारतीयांच्या पसंतीनुसार गुण देणारी सारणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एखाद्या उपचारावरचा सरकारी खर्च किती सार्थकी लागतो, हे ठरवताना परदेशी लोकांच्या पसंतीवर अवलंबून राहण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

मर्यादा कोणत्या?

माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो. वर्षभर घरात बसलेल्याला तेच ‘नेहमीचे’ वाटू लागते आणि आजार तसाच असताना गुण वाढतात. ज्यांची प्रकृती सर्वात वाईट असते, ते पुढच्या तपासणीला येतच नाहीत. त्यामुळे सरासरी चांगली दिसते. गुडघेदुखी, दमा यांचा त्रासही उत्तरांत मिसळतो. आणि गुणांतील प्रत्येक वाढ रुग्णाला जाणवेल इतकी मोठी असतेच असे नाही. म्हणूनच ही प्रश्नावली रक्तदाबाच्या गुणोत्तराची जागा घेत नाही. ती त्याच्या शेजारी ठेवायची असते.

प्रश्नावली हाती नसतानाही रुग्णाला तिचा गाभा वापरता येतो. ‘पाय दुखतात’ एवढेच सांगण्याऐवजी घरापासून कुठपर्यंत गेल्यावर थांबावे लागते, रात्री झोपमोड होते का, कोणते काम सोडून द्यावे लागले आणि कशाची भीती वाटते, हे डॉक्टरांना सांगावे. उपचारांनंतर तीच उत्तरे पुन्हा तपासावीत. बसल्या जागी पाऊल दुखणे, न भरणारी जखम किंवा बोट काळे पडणे ही लक्षणे दिसली, तर मात्र वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.