किटलीचा लाल दिवा आणि ऑइल पंपावरचा आळ

घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढून आलेली जुनी पिकअप पुढे कोंडीत अडकते, इंजिन नुसतं घरघरत राहतं आणि डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. थोडा ॲक्सिलरेटर दाबला की दिवा विझतो, पाय काढला की पुन्हा लागतो. उत्तनची मासळी, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतली स्टीलची भांडी, काशिमिऱ्याच्या हायवेवरचा किरकोळ माल हे सगळं वाहणाऱ्या बोलेरो पिकअप आणि टाटा २०७ यांच्या मालकांना हा दिवा चांगलाच ओळखीचा आहे. आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढला की गाडी चालत राहते, त्यामुळे कित्येक लाख किलोमीटर पळालेली इंजिनं या भागात रोज कामाला जातात. दिवा लागला की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं, ‘पंप गेला’. पंप बदलला जातो, सोबत जाड ऑइल ओतलं जातं, आठवडाभर दिवा गप्प बसतो. माझं म्हणणं असं की पंप हा या प्रकरणातला सर्वांत कमी संशयित आहे. प्रेशर प्रत्यक्ष मोजल्याशिवाय त्याच्यावर आळ घेणं म्हणजे पैसे घालवून पुरावा पुसणं.

मुळात ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही. तो इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधलं तेल उचलतो आणि इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक माप पुढे ढकलतो. त्या तेलाला वाटेत जो अडथळा होतो त्यातून प्रेशर उभं राहतं. सोसायटीच्या पाण्याच्या पंपासारखंच हे आहे. पंप ठणठणीत असला तरी खालच्या मजल्यांवरचे नळ सताड उघडे असतील तर वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते, आणि नवा पंप बसवून तो दोष जात नाही. इंजिनातले हे नळ म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या फटी. नव्या इंजिनात त्या मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्याच असतात. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून बेअरिंगची थोडीशी झीजसुद्धा प्रेशरमध्ये ढळढळीत दिसते. दुसरा हिशेब तेलाच्या दाटपणाचा. १५डब्ल्यू-४० ऑइल शंभर अंश सेल्सिअसला साडेबारा ते सव्वासोळा सेंटिस्टोक्स इतकंच दाट असावं असं मानक सांगतं, आणि चाळीस अंशांना तेच तेल साधारण सात-आठपट दाट असतं. थंड इंजिनात दाट तेल फटींतून सहज निसटत नाही, त्यामुळे झिजलेलं इंजिनही सकाळी झकास प्रेशर दाखवतं. घाट चढून तापलेलं तेल, त्यात कोंडीतला आयडल, म्हणजे पातळ तेल आणि संथ पंप एकत्र. ही इंजिनाची सर्वांत कठीण परीक्षा, आणि निदानासाठी सर्वांत उपयोगाची वेळही.

इथे कोणी विचारील की बेअरिंगला तारणारं प्रेशर पंपाचं असतं, की आणखी कशाचं? प्रश्न रास्त आहे. बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल घालायला म्हणून बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातूनच वर उसळलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. गेज लावलं तेव्हा तिथलं प्रेशर बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त निघालं. त्यामागचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडलं. फिरणारा दांडा तेलाला आपल्याबरोबर पाचरीसारख्या फटीत ओढतो आणि त्या तेलाच्या थरावर स्वतः तरंगतो. म्हणजे भार पेलणारं प्रेशर बेअरिंग स्वतःच निर्माण करतं. पंपाचं काम तिथे तेल कमी पडू न देण्याचं आणि उष्णता वाहून नेण्याचं. म्हणून गेजवरचा आकडा हे ‘वंगण किती चांगलं’ याचं माप नाही, वाटेतल्या अडथळ्याचं माप आहे. पुढची नळी कचऱ्याने चोंदली तर अलीकडचं गेज छान वाढलेलं दिसेल आणि पलीकडचं बेअरिंग कोरडं जळेल.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे जावी, आणि गंमत म्हणजे बरीच उत्तरं स्वस्तातच सापडतात. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक काढावी. डिझेल इंजिनाचं ऑइल काळंच असतं, रंगावर जाऊ नये. बोटावर घेऊन वास घ्यावा. डिझेलचा वास आला, किंवा पातळी खूण ओलांडून वर गेली असेल, तर इंजेक्टर किंवा फीड पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय आणि ऑइल पातळ झालंय. पंप बदलून ते दाट होणार नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर रेडिएटरचं पाणी मिसळलंय. त्यानंतर पाळी ऑइल स्विचची. साध्या स्विचला एकच वायर असते. प्रेशर नसलं की स्विच ती बॉडीला जोडतो आणि दिवा लागतो. चावी फिरवून, इंजिन चालू न करता, दिवा लागतो का ते पाहावं. लागतच नसेल तर बल्ब उडालाय किंवा वायर तुटलीय, आणि इतके दिवस गाडी देवाच्या भरवशावर चालली होती. उलट वायर स्विचवरून काढूनही दिवा जळत राहिला, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीय. खाऱ्या हवेत आणि बर्फाच्या पाण्यात वावरणाऱ्या मासळीच्या गाडीत कनेक्टरवर हिरवा गंज चढतो, तेव्हा हा संशय आधी फेडावा. विझलेला दिवा म्हणजे सगळं ठीक, हेही खरं नाही. हे स्विच बहुधा अर्ध्या केजीच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास किंवा त्याखाली प्रेशर गेल्यावरच बोलतात. तोपर्यंत बेअरिंग बरंच काही सोसून बसलेलं असतं.

मग खरी चाचणी. स्विच काढून त्याच भोकात ॲडॅप्टर लावून साधं यांत्रिक गेज बसवायचं आणि आकडे घ्यायचे, एकदा थंड इंजिनावर आणि एकदा वीसेक मिनिटं गाडी पळवून तापलेल्या इंजिनावर. दोन्ही वेळा आयडलला आणि दोन हजार फेऱ्यांना. किती हवं हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. दर हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय, म्हणजे सुमारे सात दशांश केजी, हा जुना अंदाजी ठोकताळा आहे. पण एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक बोलते. थंडीत चांगलं, गरम आयडलला पडलेलं, फेरे वाढवले की चढणारं प्रेशर बेअरिंगची झीज किंवा पातळ ऑइल सांगतं. थंड असो वा गरम, सदा कमी आणि फेऱ्यांना दाद न देणारं प्रेशर हे जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व उघडा अडकल्याचं किंवा खरोखर पंप झिजल्याचं लक्षण. व्हॉल्वच्या सीटवर कचऱ्याचा एखादा कण अडकलेला असतो आणि बदलला जातो अख्खा पंप, हा प्रकार फार होतो. फेरे वाढवल्यावर प्रेशर चढून एकदम कोसळलं किंवा काटा थरथरला, तर चेंबरमधली जाळी चोंदलीय किंवा पंप हवा ओढतोय. सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा तीन-चार सेकंद रेंगाळतो आणि पुढे सगळं ठीक असतं, तेव्हा बहुधा हलक्या दर्जाच्या फिल्टरमधून रात्री तेल उतरून गेलेलं असतं.

‘जाड ऑइल टाकलं तर बिघडतं काय? दिवा विझतो ना?’ या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. मोजून झालंय, बेअरिंगची झीज निश्चित आहे, इंजिन खोलायचे पैसे हंगामानंतर मिळणार आहेत, अशा मालकाने २०डब्ल्यू-५० घालून काही महिने काढले तर तो समजून केलेला व्यवहार आहे. इकडच्या थंडीत ऑइल घट्ट होऊन अडण्याची भीतीही नाही. मात्र न मोजता घातलेलं जाड ऑइल चोंदलेल्या जाळीतून आणखी अवघड ओढलं जातं, आणि डिझेल उतरत असेल तर काही दिवसांत तेही पातळ होतं. मधल्या काळात दिव्याचा इशारा मात्र बंद पडलेला असतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. गाडी उभी राहिली की दिवसाचं भाडं गेलं, हे खरंच आहे. पण गेज लावून आकडे घ्यायला एक सकाळ पुरते, आणि क्रँक ग्राइंडिंगला गेला की गाडी कित्येक दिवस बसते. आकडे बेअरिंगकडे बोट दाखवत असतील तर खोलण्याआधी आणखी एक साक्ष घ्यावी. जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरावा. लोहचुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा. न चिकटणारी चंदेरी चकाकी बेअरिंगच्या वरच्या थराची असू शकते. तांबूस कण दिसले तर वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडल्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी भाड्यावर पाठवू नये. रस्त्यात दिवा स्थिर लागला, किंवा खालून ठोका ऐकू आला, तर पुढच्या गॅरेजपर्यंत रेटायचा मोह टाळून इंजिन तिथेच बंद करावं आणि गाडी टो करावी. टर्बो असलेल्या इंजिनात तर हयगय नकोच, त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो आणि तोही याच तेलावर.

फिटनेसच्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर पाहिला जातो. ऑइल प्रेशर तिथे कोणी मोजत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ऑइल बदलायला गाडी लावाल, तेव्हा मेस्त्रींना गेज लावायला सांगा आणि गरम आयडलचा व दोन हजार फेऱ्यांचा आकडा किलोमीटरसह बिलाच्या मागे लिहून घ्या. पंप बदला असं कोणी म्हटलं, तर आधी तो कागद पुढे करा.