प्रयोग म्हणजे योग्य तुलना

गुलाबाच्या कुंडीत चहाचा चोथा घातला आणि महिन्याभरात झाड फुलांनी डवरले. ‘हा चोथ्याचाच गुण!’ असे आपण लगेच म्हणतो. पण त्याच महिन्यात पावसाळा संपून चांगले ऊन पडू लागले असेल, तर श्रेय कोणाला द्यायचे? नुसत्या निरीक्षणाने हे ठरत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

अठराव्या शतकात लांबच्या सफरीवरील खलाशांना स्कर्व्ही हा रोग होई. हिरड्या सुजत, दात हलू लागत, अंगातले त्राण जाई आणि अनेकजण दगावत. उपाय सांगणारे पुष्कळ होते. परंतु त्यांतला खरा कोणता?

मे १७४७ मध्ये ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी शक्य तितकी सारखी लक्षणे असलेले १२ रोगी निवडले. त्यांना एकाच जागी ठेवले, अन्नही एकच दिले. मग त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला : सफरचंदाची दारू, सौम्य गंधकाम्ल, शिरका, समुद्राचे पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचे चाटण आणि एका जोडीतील प्रत्येकाला रोज दोन संत्री व एक लिंबू.

सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्यात फळे खाणाऱ्यांपैकी एकजण कामावर जाण्याइतका बरा झाला. दुसरा इतर रोग्यांची शुश्रूषा करू लागला. सफरचंदाच्या दारूने थोडा उतार पडला. बाकीच्यांना विशेष गुण आला नाही.

सर्वांनाच फळे दिली असती आणि सर्व बरे झाले असते, तर कोणी म्हणाले असते, ‘हवा बदलली म्हणून बरे झाले.’ परंतु त्याच हवेत, तेच अन्न खाऊन इतर दहाजण आजारी राहिले. म्हणजेच पुरावा जितका बऱ्या झालेल्या दोघांनी दिला, तितकाच बऱ्या न झालेल्यांनीही दिला. बदलायची ती एकच गोष्ट. बाकी सारे समान. हेच प्रयोगाचे मर्म होय.

अर्थात दोन रोगी ही संख्या लहान आहे. योगायोगाची शंका उरतेच, म्हणून प्रयोग पुन्हा करून पाहावे लागतात. लिंड यांनी १७५३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सुरू केला तो १७९५ मध्ये. मधल्या ४२ वर्षांत खलाशी मरतच राहिले. फळांतील गुणकारी द्रव्य, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व, तर विसाव्या शतकात सापडले.

आता गुलाबाकडे वळू. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दहा कुंड्या घ्या. माती, पाणी, ऊन सारखे ठेवा. चोथा फक्त पाच कुंड्यांत घाला आणि फुले मोजा. उत्तर काय येईल? ते आम्ही सांगणार नाही, झाडांनाच विचारा!