तीस बैठका आणि मुळशीचा रस्ता

हिंजवडीचे आयटी पार्क आणि ताम्हिणी घाटातल्या वाड्या ही दोन्ही एकाच मुळशी तालुक्याची टोके. नैराश्यावरच्या चुंबकीय उपचाराची, म्हणजे टीएमएसची, चर्चा आता पुणे परिसरात बरीच होते. ती बहुतेक वेळा यंत्राभोवतीच फिरते: ते मेंदूचे नेमके काय करते, शॉकपेक्षा वेगळे कसे, खर्च किती. हे प्रश्न रास्तच आहेत. पण या उपचाराचा गुण जितका यंत्रात आहे तितकाच रोज, सलग, महिना-दीड महिना हजर राहण्यात आहे. आठवड्यातून 5 दिवस, अशा साधारण 20 ते 30 बैठका व्हाव्या लागतात. म्हणून हा उपचार कोणाला लागू पडेल हे डॉक्टरांइतकेच रस्ता, रजा आणि रोजंदारीही ठरवतात, आणि मुळशीत ते जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

तत्त्व जुने आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते हे मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवले. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरून मेंदूचा हालचालींचा भाग बाहेरूनच उत्तेजित केला आणि समोरच्या माणसाचा हात हलला. कवटी न उघडता, कातडीला चटका न बसता मेंदूतल्या पेशी जाग्या करता येतात हे त्यातून सिद्ध झाले. नैराश्यात कॉइल सहसा कपाळाच्या डाव्या बाजूला, थोडी वरच्या अंगाला ठेवतात. विचारांना वळण देणारा आणि भावनांना आवर घालणारा मेंदूचा भाग तिथे, कवटीपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असतो. रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो, कानात बोळे असतात, टकटक आवाज येत राहतो. भूल नाही, आकडी आणायची नाही, आठवणी पुसट होत नाहीत. ‘शॉक देणार’ या भीतीने घरचे लोक इथेच अडतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे. डोके दुखणे हा नेहमीचा त्रास. आकडी येण्याची शक्यता अगदी थोडी, पण आहे. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत.

आता पुराव्याकडे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी या यंत्राला मंजुरी दिली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत 190 रुग्णांपैकी काहींना खरे उत्तेजन दिले, काहींना फक्त तसे भासणारे. पूर्ण बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण खऱ्या गटात सुमारे 14 टक्के, तर भासाच्या गटात 5 टक्के निघाले. फरक खरा, पण चमत्कार नव्हे. उलट 2012 मध्ये 42 दवाखान्यांतल्या 307 रुग्णांच्या पाहणीत डॉक्टरांच्या मोजमापाने 58 टक्क्यांना गुण आला आणि 37 टक्के जवळजवळ बरे झाले. त्या पाहणीत भासाचा गट नव्हता. जाहिरातीत हाच दुसरा आकडा झळकतो, आणि संशयी वाचक विचारतो की रोज कोणीतरी आपुलकीने विचारपूस केल्यानेच हा गुण येत नसेल कशावरून? अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या 2018 च्या चाचणीत खऱ्या आणि भासाच्या गटांत जवळपास सारख्याच लोकांना आराम पडला होता, तेव्हा शंकेला आधार आहे. माझ्या मते त्यातून निघते ते एवढेच: रोजची भेट, नियमित दिनक्रम, कोणीतरी आपली वाट पाहते आहे ही जाणीव, यांचा वाटा मोठा आहे. इतर चाचण्यांत चुंबकाचा स्वतंत्र परिणाम दिसलेला असल्याने तो नाकारता येत नाही. पण दोन्ही गोष्टी पदरात पडायला रुग्णाने रोज यावेच लागते.

दुसरा आक्षेप असा की गोळी लागू पडली नाही तर दुसरी गोळी द्यावी, यंत्र कशाला. 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नेमके हेच तपासले. किमान दोन उपचार करूनही बरे न वाटलेल्या 89 रुग्णांपैकी काहींचे औषध बदलले, काहींना टीएमएस दिले, आणि मानसोपचार दोन्ही गटांना. नैराश्य जवळजवळ गेलेल्यांचे प्रमाण टीएमएस गटात 27 टक्के, औषध बदललेल्या गटात 5 टक्के आले. चाचणी लहान आहे, आणि कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते. तरी तिसरी-चौथी गोळी आळवत वर्ष घालवण्यापेक्षा हा मार्ग आधी विचारात घ्यावा, असे मानायला ती पुरेशी आहे. दुखणे परत येते, हेही खरे. टीएमएसच्या दुसऱ्या एका अभ्यासात, वर्षभराच्या पाठपुराव्यात गुण आलेल्यांपैकी सुमारे 62 टक्के टिकून राहिले. अनेकांना मध्ये पुन्हा काही बैठका घ्याव्या लागल्या. नैराश्यावरच्या गोळ्यांनाही हीच मर्यादा आहे.

मुळशीच्या दृष्टीने सर्वात मोलाचे संशोधन 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. कॅनडातल्या 414 रुग्णांवर साडेसदतीस मिनिटांची जुनी पद्धत आणि तीन मिनिटांची ‘थीटा बर्स्ट’ पद्धत ताडून पाहिली. तीन मिनिटांची पद्धत कुठेही मागे पडली नाही. यंत्र तेच, पण तासाला एकाऐवजी तीन-चार जण होऊ शकतात, म्हणजे प्रत्येक रुग्णामागचा खर्च उतरतो. प्रवास मात्र उतरत नाही. हिंजवडीतला अभियंता कामावरून निघून अर्ध्या तासात परतू शकेल. ताम्हिणीकडच्या वाडीतल्या बाईला पौडमार्गे पुण्याला जाऊन येण्यात दिवस जातो आणि दिवसाची मजुरी बुडते, तीही भातलावणीच्या ऐन आषाढात, घाटात धो-धो पाऊस असताना. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच विमासंरक्षण हवे असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात, आणि हा उपचार तर रोज येऊन-जाऊन घ्यायचा.

यावर सर्वात वजनदार आक्षेप सार्वजनिक आरोग्यवाल्यांचा आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे 85 रुग्णांना कोणताच उपचार मिळत नव्हता. जिथे पहिली गोळी पोहोचत नाही तिथे यंत्राचा आग्रह कशाला? पैसा मर्यादित असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध, आशाताईंचे प्रशिक्षण आणि समुपदेशन, हा क्रम मलाही मान्य आहे. पण पहिली पायरी बांधताना वरची पायरी कायम श्रीमंतांकडे सोडून द्यायची, हे मान्य नाही. पहिल्या गोळीने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक. गोळी वाडीपर्यंत पोहोचली की ती लागू न पडलेले रुग्णही तिथेच दिसू लागतील, आणि त्यांच्यासाठी पुढे काहीच नसेल तर ते दवाखान्यात यायचेच थांबतील.

म्हणून मागणी नेमकी हवी. औंधच्या जिल्हा रुग्णालयात तीन मिनिटांच्या पद्धतीने टीएमएस मोफत मिळावे. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी रुग्ण निवडावेत. आणि त्या चार ते सहा आठवड्यांचे येण्याजाण्याचे भाडे व बुडालेली मजुरी उपचाराचाच खर्च धरावी. मुळशीच्या पंचायत समितीने हा ठराव जिल्हा परिषदेकडे पाठवावा. तोवर घरातल्या कोणाचे मन आठवडेच्या आठवडे मिटलेले दिसत असेल, तर सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.